पॉलिशमधली मिरची

चाचा फळीला ओठ लावायचा. खरोखर लावायचा. पॉलिश पेपरनं घासून झालेली फळी उभी धरायची, डोळे मिटायचे आणि खालचा ओठ तिच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवत न्यायचा. मधे कुठं बारीक कूस लागली की तिथंच थांबायचा, पेपरचा झिजलेला तुकडा दोनदा फिरवायचा, पुन्हा ओठ. नळावरून हंडे घेऊन जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "दख वं, चाचा फळीना मुका ली ऱ्हायना!" चाचा ओठ न उचलता हातानं त्यांना हाकलायचा. मी एकदा विचारलं की बोट फिरवलं तर नाही का चालत. म्हणाला, बोटाला घट्टे पडलेत, बोट खोटं सांगतं.

मी सुतार. चौथीनंतर शाळा सोडली आणि रंधा धरला. तो पॉलिशवाला. आमची दुकानं नंदुरबारात एका भिंतीला लागून होती. मी सागाच्या नक्षीच्या फळ्या करायचो. देव्हाऱ्याच्या, मुख्य दाराच्या, कपाटाच्या. मधे नक्षी आणि चारी बाजूंना कड तिरपी तासलेली. कड तशी तासली की फळी चौकटीतून पुढं आल्यासारखी दिसते. तासणं माझं काम, त्यावर लाखेचं पॉलिश चढवणं त्याचं.

त्या तिरप्या कडेवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. माझी कड म्हणजे सुरीसारखी धारदार. त्याचाच मला तोरा होता. चाचानं माझ्यादेखत ती धार पेपरनं मारून टाकली. मी रंधा खाली ठेवला आणि त्याची गचांडी धरली.

"मन्ही मेहनत शे ती!"

तो शांत. "मिस्तरी, धारवर पॉलिश ऱ्हास का? सुरीवर पानी ठहरस का कधी?"

मी गचांडी सोडली. सोडावीच लागली, कारण त्यानं बनियन घातलेलं होतं आणि ते फाटलं.

बनियन आणि लुंगी, एवढाच त्याचा कामाचा वेश. थंडीतसुद्धा. सदऱ्याचा दोरा ओल्या पॉलिशवर पडतो म्हणायचा. डोकं तासलेलं, मिशी नाही, दाढी नाही. एका ईदेला त्याच्या बायकोनं नवा झब्बा शिवला तर नमाजाला घातला आणि दुकानाच्या दारात काढून खिळ्याला टांगला. आत आला तो बनियनवर. बायको त्याची लवकर गेली. मुलगी एकच, नवापूरला दिली. तेव्हापासून घर आणि दुकान त्याला सारखंच होतं.

तो तिखट खात नव्हता. नंदुरबारात राहून मिरची न खाणारा माणूस मी तो एकटाच पाहिला. जेवायला दूध-भाकरी, नाहीतर गुळाबरोबर पोळी. मिरचीशी त्याचं वैर होतं, आणि तेही जिभेचं नाही, पॉलिशचं.

दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओली लाल मिरची उन्हात वाळायला पसरतात, डोळा पोहोचेल तिथवर लाल. बाया दिवसभर बसून देठ खुडतात. वारा सुटला की ती बारीक लाल धूळ गावावर येते. आम्हाला सवय आहे. शिंकतो आणि कामाला लागतो. चाचाला सवय झाली नाही. त्यानं दुकानाच्या चौकटीला एक लांब सुती दोरा बांधला होता. सकाळी आल्या आल्या पहिलं काम, दोऱ्याकडं बघायचं. दोरा पथारीकडून दुकानाकडं वळलेला दिसला की बाटलीचं बूच बंद. गिऱ्हाईक पाटील असो नाहीतर साहेब.

शहाद्याकडच्या एका पाटलांचा माणूस एकदा हातापाया पडत होता. "चाचा, परवा वास्तू शे. पाहुना येतीन. दार बिगर पॉलिशनं ऱ्हाई का?"

चाचानं दोऱ्याकडं बोट केलं. "मंग हवाले सांग ना, परवा वास्तू शे म्हनीसन."

माझी बायको पथारीवर जायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. मी नको म्हणायचो नाही आणि ती थांबायची नाही. दुपारी पथारीवरून निघायची, घरी जाऊन माझा डबा घ्यायची आणि दुकानात यायची. आली की चाचाची धावपळ. "मिरचीवाली भाभी उनी! दार लावा!" जणू वाघीण आली. ती बाहेरूनच म्हणायची, "लाव लाव. तुन्ही फळी मी खाई नही टाकाव." आणि मोठ्यानं हसायची. तिचं हसणं गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं. नंतर नंतर हसताना खोकला यायचा. मग हसणं कमी झालं.

"भाभी, तोंडले फडकं बांध," चाचा तिला रोज सांगायचा. ती म्हणायची, फडकं बांधलं तर बोलू कशी. रोजचंच होतं ते. आता तेच आठवतं.

तर ते पाटलांचं दार. त्याला मधोमध एक मोठी फळी होती, केळीच्या पानांची नक्षी. शहाद्याकडं केळी, म्हणून पाटलांनी ती मागितलेली. मी जीव ओतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरा सरळ लोंबत होता. वारा नाही. चाचानं जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसवली, आणि एकावर एक हात चढवत गेला. कापडात बांधलेला कापसाचा बोळा, लाख आणि स्पिरिट. त्याचा एक नेम होता. आधी चारी कडा, मग नक्षी, आणि शेवटचा हात पुन्हा कडांना. तो म्हणायचा, "लाकूड तोंडथीन पानी पेस नही, कडथीन पेस." लोक तोंड चमकवतात आणि कड विसरतात, मग दोन पावसाळ्यांत फळी फुगली की सुताराला शिव्या देतात. हे मात्र खरं होतं. शिव्या मलाच बसायच्या.

दुपारी शेवटचा हात चालू होता. गरमीनं दार थोडं उघडं राहिलं होतं. बायको डबा घेऊन आली. आत काम चाललंय हे तिनं पाहिलं. शहाणी बाई. आपल्या अंगावर मिरची आहे, ती आत न्यायची नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि तिनं पदर झटकला. चांगला जोरात झटकला, आत काही जायला नको म्हणून. आणि नेमका तेव्हाच वारा आला.

दोरा आडवा झालेला मी पाहिला. मग लाल धूळ उन्हाच्या पट्ट्यात आली. मग ती फळीवर बसली.

चाचा ओरडला नाही. खाली ओल्या जमिनीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मी अंदर उनी नही, चाचा," बायको रडकुंडीला आली होती. "बाहेरच पदर झटका मी."

"दिसनं माले," चाचा म्हणाला.

त्यानं धूळ उतरवली, पानं पुन्हा स्वच्छ केली. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात, तिरप्या कडेच्या पायथ्याशी, मिरचीच्या सालीचा एक कण राहिला. तिथं पॉलिश उतारावरून घरंगळून जरा जाड साचतं. कण त्यात बुडाला. काढायचा तर कोपरा लाकडापर्यंत खरवडावा लागला असता आणि वास्तू उद्यावर आलेली. पाटलांच्या माणसाला तो कण दिसलाही नाही. "भारी व्हयनं," म्हणाला आणि फळी उचलायला वाकला. चाचानं त्याचा हात धरला. ही फळी जाणार नाही म्हणाला. पाटलांची वास्तुशांत साध्या फळीच्या दारानं झाली. पाटील चिडले, आणि मला केळीची पानं पुन्हा पहिल्यापासून कोरावी लागली. मी चाचाशी बरेच दिवस बोललो नाही.

ती डागाची फळी घरी आणली. बायकोच्या लुगड्यांच्या कपाटाला दार नव्हतं, त्याला बसवली. एवढ्या गरीब घरात एवढं श्रीमंत दार. ती आल्यागेल्याला दाखवायची. आधी केळीची पानं नाही दाखवायची, आधी तो लाल कण. "ही मन्ही मिरची," म्हणायची. "पाटीलना बंगलामा जाई ऱ्हायनी व्हती, मी थांबाडी लिधी."

चाचाच्या जिवाला मात्र तो कण लागून राहिला. दर वर्षी पावसाळा सरला की बाटली आणि बोळा घेऊन आमच्या घरी यायचा, फळीला एक हात द्यायला. पैसे घ्यायचा नाही. लाखेचं पॉलिश नव्या हातानं जिवंत होतं, म्हणायचा, नवा हात जुन्यात विरतो, वेगळा राहत नाही. हल्लीचं ते यंत्रानं मारायचं पॉलिश काचेसारखं असतं पण एकदा फुटलं की पापुद्रेच, त्याला डागडुजी नाही. असं बोलत बोलत त्याचा हात हळूच बनियनला शिवलेल्या खिशात जायचा. खिशात दाढीचं अर्धं पातं असायचं, कागदात गुंडाळलेलं.

"भाभी, काढू का? एक मिनिटनं काम."

"हात लावशी ते चहा भेटाव नही."

पातं परत खिशात. दर वर्षी हेच. मला वाटतं दोघंही त्याची वाट बघायचे.

गेल्या थंडीत ती गेली. दम्यानं. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय, फार वर्षांची. फळीवर बसली ती सगळ्यांना दिसली. आत बसली ती दिसली नाही. शेवटी शेवटी ती बसूनच झोपायची, भिंतीला टेकून, त्या कपाटासमोर. आणखी काही त्याबद्दल लिहीत नाही.

चाचा तोवर नवापूरला मुलीकडं राहायला गेला होता. डोळ्यात मोतीबिंदू, हातात कंप. दुकान विकलं. तिच्या दहाव्याला आला, कोपऱ्यात बसला, निघून गेला. तेव्हा फळीकडं त्यानं पाहिलंही नाही.

यंदा पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फळीचा तोच कोपरा पांढरा पडला. बोटानं दाबलं तर पॉलिश हललं. खाली लाकूड काळं दिसायला लागलं. मुलगा सुरतेहून आला होता. म्हणाला, "आबा, काढी टाक ते. सनमाइका लावी देऊ." मुलगा वाईट नाही. त्याला ते कपाट दिसतं, बस. मी तो कण पडला तर माझ्याकडं तिचं काय राहील याचा विचार करत होतो. लुगडी वाटून टाकली होती, रीतच आहे तशी. फोटो आहेत, पण फोटोत ती ताठ बसते, हसत नाही. मी रोज सकाळी उठून त्या कणावरून बोट फिरवायचो. तो असला म्हणजे दिवस सुरू करता यायचा.

म्हणून गाडीनं नवापूरला गेलो. चाचा अंगणात खाटेवर बसला होता, बनियन-लुंगीत. जवळच कोंबड्यांच्या शेड. हवेत बारीक पांढरी पिसं उडत होती. एक त्याच्या डोक्यावर बसलेलं होतं.

"दख मिस्तरी," म्हणाला, "मिरचीमाईन सुटनू आनि पखमा पडनू."

मी सांगितलं काय झालंय ते. त्यानं हात पुढं केला. थरथरत होता.

"हाऊ हात पॉलिश करी का?"

"तूच करशी," मी म्हणालो. "दुसऱ्याले मी हात लावू देवाव नही."

तो आला. मुलगी नको म्हणत होती, पण आला. दिवाळी होऊन गेलेली, पथाऱ्या पडलेल्या. माझ्या घरी आल्या आल्या त्यानं सवयीनं चौकटीकडं वर पाहिलं. दोरा नव्हता. मग फळीसमोर मांडी घालून बसला आणि खालचा ओठ त्या कडेला लावला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ओठाला दिसलं. वरून खाली आला आणि कोपऱ्यावर थांबला. 

"पानी अंदर गयं," म्हणाला. "कोपरा लाकूडलोंग उतारना पडी."

"मिरची शे तठे."

"माले मालूम शे."

"तो कोपरा सोडी दे, चाचा. बाकीना कर."

"सोडी दिधा ते पुढला वरीसले पुरी फळी जाई."

मी उठून उभा राहिलो. त्याला घरी परत पाठवावं असं मनात आलं. इतकी वर्षं पातं घेऊन हिंडला, आता अडवणारी नाही, आता काढेल. तसं तोंडावर बोललोही. त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, खाली बस.

"ती मिरची एकदाव काढेल शे मी."

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. मी साक्रीला देवळाच्या दारांचं काम करत होतो, तेव्हाची गोष्ट. तो नेहमीसारखा एक हात द्यायला आला. बायको चहा ठेवायला चुलीकडं गेली आणि त्याला राहवलं नाही. पातं काढलं, कोपरा खरवडला, कण फुंकून टाकला, वर नवा हात दिला. फळी पहिल्यांदा स्वच्छ झाली. त्याला वाटलं ती भांडेल, कपबशी फेकेल. ती चहा घेऊन आली आणि तिनं पाहिलं. बशी खाली ठेवली. काहीच बोलली नाही.

"बोलती ते बरं व्हतं, मिस्तरी. माले तठे बसवाये ना."

मग ती उठली, दोरीवर पथारीचं लुगडं वाळत होतं त्याच्याकडं गेली. काठाची शिवण उलगडली, आतून मिरचीच्या सालीचा एक तुकडा काढला आणि चाचाच्या तळहातावर ठेवला. लाव म्हणाली. त्यानं लावला. जन्मभर ओल्या पॉलिशवरून धूळ उचलणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं त्यात मिरची ठेवली, होती तिथंच, कडेच्या पायथ्याशी. वर म्हणाली, मिस्तरीला सांगू नको, उगाच तुझ्याशी भांडेल.

म्हणजे मी रोज बोट फिरवत होतो तो कण त्या दिवशीचा नव्हताच. त्यांच्या दोघांचा होता. तिनं मला सांगितलं नाही. याचं वाईट वाटलं का? वाटलं. आणि थोड्या वेळानं असंही वाटलं की तो कण पहिल्यापेक्षा जास्त तिचा आहे. पहिला वाऱ्यानं आणला होता, हा तिनं दिला होता.

"तोंडले फडकं बांध, असं तू तिले रोज सांगे," मी विचारलं. "तिना छातीसाठे सांगे का?"

"नही," चाचा म्हणाला. "पॉलिशसाठे. माले काय मालूम व्हतं."

खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो तसा माणूस नव्हता.

मी म्हणालो, काढ. पण कण सांभाळून काढ, पुन्हा तोच बसव. त्यानं कागद उलगडला, पातं धरलं. हात हलत होता म्हणून मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पांढरं पॉलिश भुग्यासारखं सुटत आलं. कणापाशी आम्ही दोघांनी श्वास धरला. पात्याचं टोक नुसतं लागलं आणि कणाचं पीठ झालं. एवढी वर्षं लाखेच्या आत होता, आतून कधीच सुकून गेला होता. पातं उचलेपर्यंत त्यातलं काही दिसेना. मी जमिनीवर वाकलो, बोटं फिरवली. बोटाला लाल लागलं. पण या दिवसांत आमच्या गावात कुठल्याही घरच्या जमिनीवर बोट फिरवा, लालच लागतं.

  चाचानं काळं लाकूड घासलं, ओठ लावून बघितला, आणि हात चढवायला लागला. आधी कड. मी मनगट धरलेलं, तो बोळा फिरवतोय. शेवटचा हात झाला तेव्हा मी सवयीनं घराचं दार लावायला उठलो. त्या एका दुपारनंतर ओलं पॉलिश आणि उघडं दार मी एकत्र पाहिलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाला. "उघडं कर. पुरं."

मी दाराची दोन्ही कवाडं उघडली. वारा पथारीकडूनच येत होता. त्याला ती लाल धूळ दिसत नव्हती, पण शिंक आली तेव्हा कळलं असणार. आम्ही फळीसमोर बसून राहिलो. मी त्याच्या वतीनं बघत होतो.

पॉलिश सुकलं तेव्हा कोपऱ्यात दोन लाल कण बसलेले होते. कुठल्या तरी बाईच्या पथारीवरून आलेले, नाहीतर रस्त्यानं चाललेल्या कुठल्या गाडीतून. त्यातला एकही तिचा नाही. मी तसं चाचाला सांगितलं. त्यानं ओठ लावून दोन्ही शोधले. मग हात आपोआप खिशाकडं गेला, आणि ते अर्धं पातं बाहेर आलं.

"मिस्तरी, काढू का?"

"हात लावशी ते चहा भेटाव नही," मी म्हणालो.

पातं कागदात गेलं. तो त्या फळीकडं तोंड करून बसला होता, त्यामुळं त्याचा चेहरा मला दिसला नाही. पाठ तेवढी हलली.

चहा मीच केला. चाचानं एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "बेकार शे." मग सगळा प्यायला.